गोष्ट नसलेला सिनेमा : बघताना आपण नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही परभणीत मराठी घेऊन एम.ए. करताय. कुणीतरी सुचवलं म्हणून दिग्दर्शक मणी कौल यांचा 'उसकी रोटी' हा हिंदी सिनेमा मोबाइलवर दोनदा लावलात. पहिल्यांदा अर्ध्या तासात बंद केलात, दुसऱ्यांदा झोप लागली. मग काही अमूर्त लघुपट पाहिलेत, ज्यात नुसते रंग आणि रेघा होत्या. खोलीतला मित्र म्हणाला, 'हे सगळं ढोंग आहे, समजलं म्हणणारे खोटं बोलतात.' आता तुम्ही विचारताय : माझ्यात काही कमी आहे का, की हा प्रकार पुण्या-मुंबईच्या लोकांसाठीच असतो? आणि बघायचंच ठरवलं तर कसं बघायचं?

मी बरीच वर्षं मराठवाड्यात फिल्म सोसायटीचं काम करतोय. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगर अशा ठिकाणी कॉलेजच्या सभागृहात किंवा ग्रंथालयाच्या हॉलमध्ये खेळ लावायचा, नंतर चर्चा घ्यायची, सुट्टीत रसग्रहणाचं शिबिर घ्यायचं. तुमचा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलाय. 'सर, हे कामून दाखवायलेत?' असं एखादा उभा राहून सरळ विचारतो, तेव्हा मला बरं वाटतं. गप्प बसून मान डोलावणाऱ्यापेक्षा तो सिनेमाच्या जास्त जवळ असतो.

माझ्या मते अडचण समजण्याची नाहीच. बघणाऱ्यानं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, ही खरी अडचण. गोष्टीच्या सिनेमात आपलं काम ठरलेलं असतं. आता पुढं काय होणार, हा खरा की तो, हिची त्याची गाठ पडणार का, असा अंदाज आपण सतत बांधत असतो आणि सिनेमा तो खरा-खोटा ठरवत जातो. लहानपणापासून हा सराव इतका झालेला असतो की आपण काही काम करतोय हेच जाणवत नाही. गोष्ट काढून घेतली की ते काम जातं आणि बघणारा मोकळा बसतो. मोकळ्या बसलेल्या माणसाला एक तर झोप येते, नाहीतर राग येतो. तुम्हाला झोप आली, मित्राला राग आला.

पुढचं सगळं बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे : सिनेमा कोणता, पडदा केवढा, वेळ कोणती, सोबत कोण. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी अडीच वाजता कुठलाही संथ सिनेमा बघितला तर डोळा लागणारच. त्यात सिनेमाचाही दोष नाही आणि तुमचाही नाही. शिवाय सगळ्यांना एकाच नावाखाली धरू नका. काही सिनेमे पूर्ण अमूर्त असतात. त्यात ओळखू येणारी वस्तूच नसते, आकार, रंग, हालचाल एवढंच असतं. काहींत माणसं, रस्ते, यंत्रं सगळं असतं, पण गोष्ट नसते. आणि काहींत गोष्ट असते, पण दिग्दर्शकाला ती सांगण्यात रस नसतो, तिच्या आजूबाजूचं दाखवण्यात असतो. तिन्ही बघण्याची रीत निराळी. एकासाठीची तयारी घेऊन दुसऱ्यासमोर बसलात की दोन्ही हातचे जातात.

'उसकी रोटी' तिसऱ्या प्रकारातला. तो १९६९चा. केंद्र सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जातून झालेला, हिंदी लेखक मोहन राकेश यांच्या कथेवरचा. गोष्ट दोन ओळींत सांगता येते. पंजाबातल्या खेड्यातली बालो बसड्रायव्हर नवऱ्यासाठी जेवण घेऊन रोज रस्त्यावर येऊन थांबते. एक दिवस धाकट्या बहिणीला गावातला एक जण त्रास देतो, त्या गडबडीत हिला उशीर होतो, नवरा रागानं बस घेऊन निघून जातो आणि ही थांबून राहते.

ही गोष्ट आपल्याला परकी असायचं कारण नाही. लातूरला शिकायला आलेल्या पोरांचे डबे गावाकडून एस.टी.नं येतात. सकाळच्या गाडीसाठी डबा घेऊन फाट्यावर उभी असलेली आई आपल्याकडं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मी हा सिनेमा दाखवतो तेव्हा आधी एवढंच विचारतो, की डबा घेऊन फाट्यावर थांबलेल्या माणसाचा वेळ कसा जातो? उत्तरं पटापट येतात. लांबून येणारी प्रत्येक गाडी आपलीच वाटते. कालचं भांडण डोक्यात परत परत सुरू होतं. आपण बोललो ते, बोलायचं राहिलं ते, आणि उद्या काय बोलू ते, सगळं एकात एक. मी म्हणतो, आता हेच बघा. या सिनेमात बालो थांबलीय आणि तिच्या डोक्यात जे चाललंय ते आणि समोरचा रस्ता, दोन्ही एकाच पडद्यावर येतात, 'आता हे स्वप्न बरं का' अशी कुठलीही खूण न करता.

हे कसं केलं तेही बघण्यासारखं आहे. मणी कौल आणि छायालेखक के. के. महाजन यांनी मुख्यतः दोन भिंगं वापरली, २८ मि.मी.चं आणि १३५ मि.मी.चं. पहिल्या भिंगात जवळचा हात आणि लांबचं झाड दोन्ही स्पष्ट दिसू शकतात. दुसऱ्यात एक अरुंद पट्टा तेवढा स्पष्ट राहतो, मागचं सगळं धूसर होतं आणि जवळ ओढल्यासारखं चपटं दिसतं. सुरुवातीला एक भिंग तिच्या प्रत्यक्ष जगण्याचं आणि दुसरं मनातल्याचं, अशी वाटणी आहे. सिनेमा पुढं सरकतो तशी ती वाटणी मिसळत जाते. थांबून थांबून तिला स्वतःलाही प्रत्यक्ष कुठं संपलं आणि मन कुठं सुरू झालं हे कळेनासं व्हावं, तसं आपलंही होतं. नट सपाट, भाव काढून बोलतात तेही मुद्दाम. आवाजात रडू आणलं असतं तर आपण रडण्याकडं बघितलं असतं, आणि हात, पाठ, भिंत, रस्ता हे सगळं निसटलं असतं.

भिंगांचे आकडे पाठ नसले तरी चालतं. एक काम घ्या : प्रत्येक शॉटमध्ये काय स्पष्ट आहे आणि काय धूसर, एवढंच बघत राहा. पंधरा-वीस मिनिटांत डोळा ते आपोआप टिपायला लागतो, आणि मग कट झाला की छातीत काहीतरी होतं. मला हा सिनेमा मनापासून आवडतो तो याच जागी. बालोच्या चेहऱ्यावरून रस्त्यावर कट होतो आणि मी क्षणभर ठरवू शकत नाही, की गाडी खरंच आली का. तेवढा क्षण मी तिच्यासारखाच थांबलेला असतो.

आता तुमच्या मोबाइलकडं. सहा इंचाच्या पडद्यावर स्पष्ट आणि धूसर यातला फरक जवळजवळ पुसला जातो. अंतर हीच ज्याची भाषा आहे, तो सिनेमा तुम्ही अंतरच काढून घेऊन पाहिलात. त्यामुळे झोप लागण्यावरून स्वतःबद्दल काही ठरवू नका.

आता रंग आणि रेघांच्या लघुपटांबद्दल. इथं माझ्या एका खेळातला अनुभव सांगतो, कारण त्यानं माझी शिकवण्याची पद्धत ठरवली.

अमेरिकेतले स्टॅन ब्रॅकेज यांचा 'मॉथलाइट' नावाचा १९६३चा चारेक मिनिटांचा मूकपट आहे. तो कॅमेऱ्याशिवाय केलाय. हाताशी पैसे नसताना त्यांनी दिव्याखाली मरून पडलेल्या पतंगांचे पंख, फुलांच्या पाकळ्या, गवताची पाती हे सगळं पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांमध्ये दाबलं, आणि ती पट्टी प्रयोगशाळेतून फिल्मवर छापून घेतली. पडद्यावर तपकिरी, पिवळसर, शिरा असलेलं काहीतरी वेगानं फडफडत जातं. मी तो दाखवला तेव्हा मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मागं एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उमेदीच्या काळात ते तंबूच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे, जत्रेजत्रेला फिरायचे. ते म्हणाले, 'ह्यानं गोष्ट दाखवायची सोडून पट्टीच दाखवलीय की.' मग त्यांनीच सगळ्यांना सांगितलं : रीळ तुटलं की तुकडा कापून चिकटवायचा, तो सांधा मशीनमधून जाताना पडद्यावर झटका बसतो, फिल्मवर ओरखडा पडला की पावसासारखी रेघ पडते, फिल्म मशीनच्या दिव्यासमोरच्या फटीत अडकली की दिव्याच्या उष्णतेनं मधोमध फुगा येऊन जळते आणि लोक शिट्या मारतात. त्यांनी फिल्म हातात धरलेली होती. तिला लांबी, जाडी, वास असतो हे त्यांना माहीत होतं. म्हणून पंख पट्टीला चिकटवलाय हे त्यांना लगेच दिसलं, आणि तो पंख जणू परत उडतोय हेही.

तेव्हापासून मी अमूर्त लघुपट दाखवण्याआधी तो कशाचा आणि कसा केलाय ते सांगतो. अर्थ सांगत नाही, कृती सांगतो. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅक्लरेन यांनी एव्हलिन लॅम्बर्ट यांच्याबरोबर १९४९ साली 'बिगॉन डल केअर' केला. पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्या जॅझ संगीतावर, फिल्मच्या पट्टीवरच रंग लावून आणि ओरखडून. त्याचे तीन भाग आहेत. मधला संथ, काळ्यावर बारीक उभ्या रेघा. तो बघताना रेघ म्हणजे काय असं विचारू नका. पियानोचा एखादा सूर आला तेव्हा रेघ आधी हलली की नंतर, हे बघा. कधी ती सुराच्या अंगावर येते, कधी मागं राहते. एवढं कळलं की आठ मिनिटं कधी गेली समजत नाही. आपल्याकडं चित्रकार अकबर पदमसी यांनी १९७०मध्ये 'सिझिजी' नावाचा मूक ॲनिमेशनपट केला, नुसत्या रेषा आणि बिंदूंच्या भौमितिक रचनांचा. तो जास्त कोरडा आहे आणि पहिल्याच दिवशी बघू नये, पण त्यातला रेषेचा एकामागून एक होणारा विस्तार सवय झाल्यावर फार देखणा वाटतो.

मित्राच्या मुद्द्याकडं येतो. तो पूर्ण चुकीचा नाही. या प्रांतात ढोंग आहे. कॅमेरा हलवायचा, चित्र उलटं फिरवायचं, मागं घुमणारा आवाज लावायचा आणि त्याला प्रायोगिक म्हणायचं, असे लघुपट महोत्सवांत येतात. मी स्वतः निवड करताना असे कितीतरी बाजूला ठेवलेत. पण ढोंगी कीर्तनकार असतात म्हणून कीर्तन खोटं ठरत नाही. ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न.

मी दोन गोष्टी बघतो. पहिली, सिनेमानं स्वतःसाठी काही नियम घातलाय का आणि तो पाळलाय का, किंवा मोडला असेल तर विचार करून मोडलाय का. मायकल स्नो यांचा १९६७चा 'वेव्हलेंथ' घ्या. पंचेचाळीस मिनिटं. कॅमेरा एका लांबट खोलीच्या या टोकाकडून पलीकडच्या खिडक्यांच्या भिंतीकडं झूम करत जातो. मध्ये कपाट आणलं जातं, एक माणूस येऊन कोसळतो, एक बाई फोन करते, पण झूम कुणासाठीही थांबत नाही. शेवटी तो भिंतीवरच्या समुद्राच्या लाटांच्या फोटोपाशी पोचतो. नियम पहिल्या काही मिनिटांतच कळतो. माणूस मेला तरी झूम पुढं सरकतोय, हे लक्षात आल्यावर पोटात जे होतं, ते त्या नियमामुळेच. त्यातला सतत चढत जाणारा सलग आवाज मात्र अनेकांना सहन होत नाही, आणि नवख्या लोकांना मी हा सिनेमा दाखवत नाही.

दुसरी गोष्ट, दुसऱ्यांदा बघताना जास्त दिसतं की कमी. ढोंगी सिनेमा पहिल्यांदा गूढ वाटतो आणि दुसऱ्यांदा पोकळ. चांगला सिनेमा पहिल्यांदा पोकळ वाटू शकतो आणि दुसऱ्यांदा भरतो. म्हणून पहिल्या बैठकीत निकाल देऊ नका. बाजूनंही नाही, विरुद्धही नाही.

कंटाळ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यावर कुणी धड बोलत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं जो कंटाळा येतो तो बहुतेक वेळा सवयीचा असतो. हात खिशातल्या फोनकडं जातो. तो तसाच जाऊ द्यावा, म्हणजे फोन न काढता बसून राहावं. बऱ्याचदा त्यानंतर नजर स्थिरावते आणि बारीकसारीक दिसायला लागतं. पण तासभर बसूनही काहीच नवीन दिसलं नाही, तर उठायला हरकत नाही. सहन करणं म्हणजे रसिकता, असं मी मानत नाही.

शांताल आकेरमान यांचा १९७५चा 'जान दिलमान' २०१ मिनिटांचा आहे. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात तो पहिला आला. तो अमूर्त नाही. एक विधवा बाई तीन दिवस घरात काय करते, हे त्यात पुरेपूर वेळ देऊन दाखवलंय : बटाटे सोलणं, बूट पुसणं, अंथरूण आवरणं, आणि दुपारी पैशासाठी घरी येणारा पुरुष. एका शिबिरात आम्ही तो दोन सत्रांत दाखवला. दुसऱ्या दिवशीचे बटाटे जास्त शिजलेत, म्हणजे हिचं काहीतरी बिनसलं, हे आमच्यातल्या शिक्षिकांना आणि घर चालवणाऱ्या बायकांना तत्काळ कळलं. पुरुष मंडळींना ते चर्चेत सांगावं लागलं. पैसे ठेवायच्या भांड्यावर झाकण घालायचं ती विसरली, हेही बायकांनीच टिपलं. गोष्टीच्या सिनेमात इतकी बारीक चूक दिसलीच नसती, कारण आपण तिच्याकडं बघत नसतो. इथं दोन तास तिची शिस्त डोळ्यांत मुरवल्यामुळे झाकण नसलेलं भांडं म्हणजे केवढी मोठी घटना वाटते. पण त्याच बायकांतली एक जण मध्यंतरात निघून गेली. म्हणाली, 'घरी हेच करायचं आणि इथं येऊन पण हेच बघायचं का?' तिच्या म्हणण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. ती सिनेमा समजली नाही असं मला म्हणवत नाही. ती फार नीट समजली होती.

हे पुण्या-मुंबईचं आहे का, या तुमच्या प्रश्नाचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण तो विचार आपल्या पोरांच्या डोक्यात घट्ट बसलाय. सोय तिकडं जास्त आहे, हे खरं. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८पासून आहे. आपल्याकडं अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव सोडला तर मोठ्या पडद्यावर असं काही बघायची संधी फार कमी. पण सोय नसणं आणि पात्रता नसणं या दोन वेगळ्या बाबी आहेत.

तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात, मुक्ताबाईंचा मुंगीचा अभंग तुम्हाला माहीत असणार. मुंगी आकाशात उडाली आणि तिनं सूर्य गिळला. गावातला न शिकलेला माणूस कीर्तनात हे ऐकतो आणि 'हे कसं शक्य आहे' म्हणून उठून जात नाही. बुवा निरूपण करायच्या आधीच ती मुंगी त्याच्या डोळ्यांसमोर उडालेली असते. असली कूट, म्हणजे कोड्यासारखी वचनं ऐकायची, न उलगडता जवळ बाळगायची सवय या मातीत शतकानुशतकं आहे.

आणि अजिंठ्याचं सतरावं लेणं एकदा या नजरेनं बघून या. भिंतीवर विश्वंतर जातक आहे, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या एका जन्मातल्या राजपुत्राची कथा, आणि सिंहलाची कथा आहे. पण प्रसंगांभोवती चौकटी नाहीत. तोच राजपुत्र इथं दिसतो, तिथं दिसतो, परत दिसतो. आधी काय आणि नंतर काय हे डावीकडून उजवीकडं वाचत जाऊन कळेलच असं नाही. अनेकदा राजवाड्यातलं एका भागात आणि अरण्यातलं दुसऱ्या भागात, असं जागेप्रमाणं मांडलेलं असतं. बघणाऱ्यानं अंधारात उभं राहायचं, डोळे सरावू द्यायचे आणि आपला रस्ता आपण काढायचा. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटं तर काहीच दिसत नाही. पाचव्या शतकात ज्यांनी हे रंगवलं, त्यांनी बघणाऱ्यावर केवढा विश्वास टाकलाय!

सरकारी पैशातूनही अशी कामं झालीत, हे अनेकांना ठाऊक नसतं. थिएटरमध्ये मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा तो तुमच्या वडिलांना आठवत असेल. त्याच संस्थेत प्रमोद पति यांनी १९६८ साली 'एक्सप्लोरर' केला. निवेदन नाही, गोष्ट नाही, देशातल्या तरुणांच्या जगण्यातल्या तुकड्यांचा नुसता वेगवान मारा. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठीच 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केला. राजस्थानातली गावं, छत्री, कंदील, बूट, बकरी, बायकांच्या हालचाली, आणि गोष्ट नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला लघुपटाचं सुवर्ण अस्वल हे पारितोषिक मिळालं. सुमारे पाव तासाचा आहे. तुम्ही सुरुवात याच्यापासून करा. छत्री पहिल्यांदा येते तेव्हा ती छत्री असते, तिसऱ्या-चौथ्यांदा येते तोवर ती काळा आकार झालेली असते. गोष्ट असलेल्या सिनेमाकडून अमूर्ताकडं जाताना मध्ये उभं राहायला ही चांगली जागा आहे.

त्यानंतर मॅक्लरेन, नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर त्यांचे लघुपट मोफत बघता येतात. मग माया डेरेन यांचा १९४३चा 'मेशेस ऑफ द आफ्टरनून', अवघा चौदा मिनिटांचा : किल्ली, सुरी, फूल, जिना आणि तीच दुपार परत परत. मग झिगा व्हर्तोव यांचा १९२९चा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा', जो सुरुवातीलाच सांगून टाकतो की यात पटकथा नाही, नट नाहीत, मध्ये मजकुराच्या पाट्या नाहीत. एवढं झाल्यावर 'उसकी रोटी'कडं परत या. लगेच नको, दोन-तीन महिन्यांनी.

बघण्याच्या सोयीबद्दल काही ठोस सांगतो. मोबाइल सोडा, निदान लॅपटॉप किंवा टीव्ही घ्या. रात्री जेवणानंतर थोड्या वेळानं, दिवे घालवून बघा. आवाज असेल तर हेडफोन. वेग वाढवून कधीही बघू नका. ज्या सिनेमात वेळ हेच साहित्य आहे त्याचा वेग दीडपट केलात तर तुम्ही दुसरंच काही बघता. 'मॉथलाइट'सारख्या लघुपटात प्रत्येक फ्रेम, म्हणजे पट्टीवरचं एकेक चित्र, आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी असते. इंटरनेटवरचा व्हिडिओ दोन फ्रेममधलं सारखं ते एकदाच साठवून जागा वाचवतो, त्यामुळे इथं त्याची पंचाईत होते आणि पंखाच्या शिरांऐवजी चौकोनी ठिपके दिसतात. जास्तीत जास्त चांगल्या दर्जाची प्रत शोधा, आणि ठिपके दिसले तर ते दिग्दर्शकाचे नाहीत एवढं लक्षात ठेवा.

एक सावधगिरी मात्र गंभीरपणे घ्या. काही लघुपटांत पडदा सेकंदाला अनेकदा काळा-पांढरा लखलखतो. टोनी कॉनरॅड यांच्या १९६६च्या 'द फ्लिकर'च्या सुरुवातीलाच तशी सूचना आहे. तुम्हाला किंवा सोबतच्या कुणाला फिट येण्याचा त्रास असेल, तर असले लघुपट अजिबात लावू नका.

बघून झाल्यावर वही घ्या आणि काय दिसलं ते लिहा. काय वाटलं, अर्थ काय, हे नंतर. आधी दिसलं ते : कुठला आकार परत आला, आवाज कुठं थांबला, कुठल्या शॉटला नजर अडकली. शिबिरात मी हेच करून घेतो. लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवलं की कळतं, एकाच चार मिनिटांत दहा जणांनी दहा वेगळ्या गोष्टी टिपल्या. आधी समीक्षा वाचू नका. सिनेमा कसा तयार केला एवढंच वाचलेलं चालतं. झोप लागली तर लागू द्या, जाग आल्यावर तिथून पुढं बघा.

मित्रालाही सोबत घ्या. तो रागावलाय म्हणजे त्याला फरक पडलाय. त्याला आवडून घ्यायला सांगू नका. ढोंग आहे हे सिद्ध कर, म्हणा. सिद्ध करायला त्याला शॉट न शॉट बघावा लागेल.

कॉलेजात खेळ लावायचा विचार असेल तर मराठी विभागाकडून सभागृह मागा, प्रतीची आणि दाखवण्याच्या परवानगीची चौकशी आधी करा, आणि पहिला कार्यक्रम तासाभराच्या आतला ठेवा. हुसेन आणि मॅक्लरेन एवढे दोनच पुरेत, प्रत्येकी दोनदा दाखवा, मध्ये पाच मिनिटं लिहायला द्या. खिडक्यांना काळं कापड किंवा जाड चादरी लावा, कारण दिवसा आपल्या सभागृहांत पडदा पांढराफटक पडतो. लाइट गेली तर प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर चालतो का, ते आदल्या दिवशी तपासा. तारीख कळवा, मला जमण्यासारखं असेल तर मी येतो.